अकरा महिन्यांत वसूल होईल का?

सेल लागला की आपल्या कार्टमध्ये काय काय जाऊन बसतं ना? एअर फ्रायर, सँडविच मेकर, बादलीएवढं वॉशिंग मशीन, फिरतं झाडू मारणारा रोबो. प्रत्येकाखाली रिव्ह्यूंचा ढीग. कुणी लिहितं 'लाइफ चेंजिंग', त्याच्याच खाली दुसरा लिहितो 'पैसे पाण्यात'. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. एकाच्या घरी पाच माणसं असतात, ओटा मोठा असतो, भांड्यांना मावशी असतात. दुसरा एकटा राहत असतो आणि सिंकमधली भांडी रविवारपर्यंत तशीच असतात.

मग आपलं काय? आपल्यापैकी बरेच जण राहतात अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर. खोलीत दोन कॉट, एक टेबल, धड चालणारा प्लग पॉइंट एकच. त्यामुळे 'ही वस्तू चांगली आहे का?' हा प्रश्न आपल्या कामाचा नाही. आपला प्रश्न एवढाच, की ही वस्तू अकरा महिन्यांत वसूल होईल का आणि शिफ्टिंगच्या दिवशी टेम्पोत बसेल का?

आधी थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. समजा, एका युनिटचे दहा रुपये पडतात. आता केटल घ्या. १५०० वॉटची केटल एक लिटर पाणी चार-पाच मिनिटांत उकळते. वीज लागते साधारण ०.१ युनिट, म्हणजे रुपया. टपरीवरच्या चहाचा भाव तुम्हाला माहीत आहेच. केटल वसूल!

आता पंखा. साधा सीलिंग फॅन ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटारवाला ३०च्या आसपास. रोज बारा तास लावला तर महिन्याला साधा पंखा २७ युनिट घेतो आणि बीएलडीसी ११. महिन्याला १६ युनिट, म्हणजे १६० रुपये वाचले. स्वतःच्या घरी हा पंखा डोळे झाकून घ्यावा. पण भाड्याच्या खोलीत? थंडीत पंखा बंदच असतो. उरलेल्या सात-आठ महिन्यांत साधारण अकराशे ते तेराशे रुपये वाचतात. पंख्याची किंमत त्याहून जास्त असेल, तर ती वसूल होण्याआधीच ॲग्रीमेंट संपतं. इथे खरी मेख अशी, की पंखा घरमालकाचा आणि बिल आपलं. म्हणून घर बघतानाच वर मान करून पंख्यावरचे स्टार बघा. जानेवारी २०२३पासून नव्या सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे. पंखा जुनापुराणा असेल तर भाडं ठरवताना तो मुद्दा काढा. किल्ली हातात आल्यावर कुणी ऐकत नाही.

केटलमधली मॅगी आणि बादलीतला रॉड

हॉस्टेलवर केटल म्हणजे चहा, अंडी, मॅगी, सगळंच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी उकळलं की केटल आपोआप बंद होते, ती वाफेमुळे. वाफ आतल्या एका धातूच्या पट्टीपर्यंत पोचते, पट्टी वाकते आणि स्विच पडतो. मॅगी ढवळायला झाकण उघडं ठेवलं की वाफ बाहेर निघून जाते. पट्टीला काही कळतच नाही आणि केटल उकळतच राहते. अशा वेळी मोबाइलवर रील बघत बसायचं नाही.

रॉडचं गणित स्वस्त दिसतं. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं, म्हणजे साडेतीन रुपये. १५०० वॉटचा रॉड हे काम पंधरा मिनिटांत करतो. पण हीच वस्तू सगळ्यांत धोक्याची आहे. बादली प्लास्टिकची हवी. आधी पाण्यात रॉड, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं असेल तर तेसुद्धा प्लग काढल्यावरच.

आणखी एक. भिंतीवरचा लहान पिनांचा पॉइंट सहा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्याची झेप १३८० वॉटपर्यंतच. त्यावर १५०० वॉटचा रॉड किंवा २००० वॉटची इंडक्शन कन्व्हर्टर लावून चालवली, की सॉकेट काळं पडायला लागतं. मोठ्या पिनांची वस्तू मोठ्या, सोळा अँपिअरच्या पॉइंटवरच लावा. हॉस्टेलवर या वस्तूंना बंदी असते तेव्हा रेक्टर खडूस वाटतात, मान्य. पण जुन्या वायरिंगवर एकाच मजल्यावरचे वीस रॉड सकाळी सात वाजता सुरू झाले तर काय होईल, याचा विचार त्यांना करावा लागतो.

धुणार कोण?

कोणत्याही बॉक्सवर हा आकडा छापलेला नसतो. ज्यूसर दोन मिनिटांत ज्यूस काढतो, मग त्याची जाळी ब्रशने घासायला दहा मिनिटं लागतात. रोबो झाडू मारतो, पण त्याआधी जमिनीवरचे कपडे, चार्जर आणि चपला आपणच उचलायच्या असतात. तेवढं उचललं की अर्धी खोली आवरून झालेलीच असते! प्रत्येक यंत्र एक काम कमी करतं आणि मागे एक छोटं काम ठेवतं. मागे राहिलेलं काम मोठं असेल तर ते यंत्र महिन्याभरात माळ्यावर जातं.

मिक्सरनं मात्र ही परीक्षा कधीच पास केली. १९६३च्या सुमारास सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत 'सुमीत' मिक्सर आणला. तो आपल्याकडचं वाटण, चटण्या, सुके मसाले यांना झेपेल असा दणकट होता. त्याआधी हे सगळं पाट्यावर व्हायचं आणि वरवंटा कुणाच्या हातात असायचा, हे वेगळं सांगायला नको. आजीला विचारा, मिक्सरला ती किती मार्क देते. भांडं धुवायला एक मिनिट, वाचलेला वेळ अर्धा तास.

पण फ्लॅटवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आम्ही चौघी कोथरूडमध्ये राहतो. मिक्सर वापरायला चौघी आणि भांडं धुवायला नेहमी एकच, हे चालणार नाही असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. ज्या घरात धुणारा माणूस ठरलेला असतो, त्या घरात वापरणाऱ्याला प्रत्येक वस्तू उपयोगीच वाटते. एकदा घरी गेल्यावर स्वयंपाकघरातली यंत्रं बघा आणि त्यातली किती आईशिवाय कुणी उघडून धुतली आहेत, ते मोजा.

बिनाप्लगचा हिरो

सगळ्यांत वसूल वस्तू कोणती, असं विचाराल तर माझं मत कुकरला. बटण नाही, ॲप नाही, चार्जिंग नाही. आत दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ झटपट शिजते. फक्त इंडक्शनवर ठेवणार असाल तर दुकानात जाताना फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात टाका. ते बुडाला चिकटलं तर कुकर चालेल, घसरलं तर नाही. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरवर ते चिकटत नाही. इंडक्शन नकोच असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

ज्यांच्या गावात लाइट जाते, त्यांच्यासाठी दुसरा हिरो म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. पुण्या-मुंबईच्या पोरांना तो फालतू वाटेल. ऑनलाइन परीक्षेच्या मध्येच ज्याची वीज गेली आहे, त्याला विचारा.

पे करण्याआधी एवढं बघा

• काँट्री काढून एक वस्तू घेऊ नका. मिक्सर एकीचा, इंडक्शन दुसरीची, इस्त्री तिसरीची असं वाटून घ्या. फ्लॅट सोडताना मिक्सरचे चार तुकडे करता येत नाहीत.

• मे-जूनमध्ये पास आउट होणारे सीनियर्स सामान विकतात. घेताना मूळ बिल मागा, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. आणि वस्तू चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

• वस्तू बिघडली तर लगेच नवी नको. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

• महावितरणच्या बिलात पहिली १०० युनिट स्वस्त असतात, पुढच्या युनिटांना दर चढतो. एसीवाला फ्लॅटमेट असेल तर बिल चौघांत सारखं वाटण्याआधी एकदा शांतपणे बोलून घ्या.

• आणि कार्टमधली वस्तू आठ दिवस तशीच राहू द्या. या आठ दिवसांत ती नाही म्हणून किती वेळा अडलं, ते मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. आकडा शून्य असेल तर पुढे काय करायचं, हे सांगायला रिव्ह्यू लागत नाही.