इथाकाची थोरली बहीण

शौक बंदुकीचा, आणि तोही मराठी माणसाला! पण अमेरिकेत राहून मला तो जडला खरा. माझी लाडकी ‘रेमिंग्टन मॉडेल १७’ ही जॉन ब्राउनिंग यांच्या डोक्यातून निघालेली, १९२१ साली बाजारात आलेली वीस बोअरची पंपाची बंदूक. पुढची मूठ मागे ओढली, की रिकामे काडतूस बाजूने न उडता खालून पडते. डावखुऱ्याला केवढी सोय! हीच युक्ती घेऊन १९३७ साली ‘इथाका ३७’ आली आणि नाव झाले ते तिचेच. मॉडेल १७ मात्र केव्हाच बंद झाले. आता सुटा भाग हवा, तर दुसरी बंदूक मोडावी लागते. कित्येक जण मोडतात. आधीच मोडलेली मिळाली तर मी घेतो; पण चालती बंदूक मोडून आणखी एक कमी करायला मन धजत नाही.