किल्लारीच्या भिंती आणि चार इंची कटर

किल्लारीच्या नव्या गावठाणात दुपारी फिरलं, की कुठल्या ना कुठल्या गल्लीतून कटरचा आवाज येतोच. कुणी खिडकीचं दार करतंय, कुणी नळासाठी भिंतीला खाच पाडतंय, कुणी पत्र्याच्या शेडसाठी अँगल कापतंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं गाव आडवं झालं. पुनर्वसनात घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकांच्या वाट्याला २५० चौरस फूट आले. तेव्हाची पोरं आता आजोबा व्हायच्या वयाला टेकली, घर मात्र तेवढंच. मग भिंत फोडून खोली वाढवायची.

पूर्वी हे काम छिन्नी-हातोड्यानं व्हायचं. छिन्नी सावकाश चालते आणि काँक्रीट लागलं की हाताला झिणझिण्या आणते. मिस्त्री थांबून विचार करतो. कटरला काँक्रीट काय, सळई काय, सगळं सारखंच. दोन मिनिटांत आरपार.

इथंच किल्लारीचा प्रश्न इतर गावांपेक्षा वेगळा होतो. त्या पहाटे माणसं दबली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याखाली. म्हणून भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामात दार-खिडक्यांच्या वर सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवतात. तो घराचा करदोडा. करदोडा एका जागी तुटला, की बाकीचा कितीही मजबूत असो, कमरेवर राहत नाही. एसीच्या पाइपासाठी किंवा दार चार बोटं उंच करण्यासाठी पट्टा कापला, तर त्या घराची गतही तीच. ड्रिलनं भोक पाडताना बिट अचानक अडून मशीन मनगटाला हिसका देऊ लागलं, की आत सळई आहे असं समजावं आणि जागा बदलावी.

आता कापणाऱ्याकडे पाहू. परवा एका ओट्यावर काम चाललं होतं. मिस्त्रीच्या पायात स्लीपर, गळ्यात लोंबता रुमाल, आणि कटरचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला. म्हटलं, ‘‘मामा, गार्ड का काढलाव?’’

‘‘मधी येतंय की. लाईनच दिसत नाही.’’

लाईन दिसत नाही हे खरं आहे. पण चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा तिच्या काठाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. फुटलेला तुकडा त्याच वेगानं सुटतो. त्याच्या आणि डोळ्याच्या मधे फक्त तो गार्ड असतो. गार्ड निघाला की दुसरा मोह होतो: मोठ्या मशीनची सात इंची चकती छोट्याला बसवायची. त्या चकतीला मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या आसपासच मर्यादा असते; ती चकतीवर छापलेलीही असते. कित्येक चकत्यांच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत संपण्याचा महिना-सालही असतो. औषधाच्या पाकिटावरचं वाचतो, तसं हेही वाचावं. लाकूड कापायचं दातेरी पातं तर कटरला लावूच नये. पडक्या घरांतलं सागवान आजही चौकटींना वापरतात, त्यात जुने खिळे दडलेले असतात. पातं खिळ्याला अडलं की मशीन उसळून अंगावर येतं.

विजेचं दुखणं याहून चोरटं. पिन तुटली म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटात घालून आगपेटीच्या काड्या खोचणारे मी जागोजाग पाहिलेत. त्यात लांबच लांब बारीक वायर, आधीच कमी दाबाची वीज. मशीन दमतं, त्याचा पंखा मंदावतो, आर्मेचर तापून जळतं आणि दोष कंपनीला जातो. जाड वायर घ्यावी, गुंडाळी पूर्ण उलगडावी. एमसीबी असला म्हणजे झालं, असंही नाही. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणूस वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. अंगातून गळणारा करंट ओळखून तो क्षणात वीज तोडतो.

जोडीला अर्थिंग हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात पाणी ओतत राहावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा खड्ड्याला कोण पाणी घालणार होतं? म्हणून आरसीसीबीचा खर्च टाळू नये. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण मात्र महिन्याला एकदा दाबून पाहावं.

देखभाल फार नाही. काम संपलं की पिन काढून हवेच्या झरोक्यांतली धूळ उडवावी. आत नेहमीपेक्षा जास्त ठिणग्या दिसल्या तर कार्बन झिजलेत. दोन्ही एकदम बदलावेत. चकती बदलतानाही आधी पिन काढायची. बटण बंद असणं पुरेसं नाही. काँक्रीट नि ग्रॅनाइटची धूळ फुप्फुसात कायमची बसते, तिथं रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो.

आणि भिंतीला मशीन लावण्याआधी घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पट्टा कुठून गेलाय. ही घरं उभी राहताना पाहिलेली माणसं अजून गावात आहेत.