नाताळची जाहिरात आणि लाल नाकाचा रुडॉल्फ

दहावीच्या उपयोजित लेखनात मी नाताळासाठी केकच्या दुकानाची जाहिरात लिहायला देते. बहुतेक वह्यांत एकच ओळ सापडते: 'भव्य सूट! त्वरा करा!' अरे, सूट तर शेजारचं दुकानही देतंय. मग गिऱ्हाइकाने आपल्याकडेच का यावं?

अशा वेळी मी शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड कंपनीची गोष्ट सांगते. नाताळात दुकानात येणाऱ्या मुलांना ही कंपनी रंगवायची पुस्तकं फुकट वाटायची. ती बाहेरून विकत घ्यावी लागत. पैसे वाचावेत म्हणून १९३९ साली आपलंच पुस्तक काढायचं ठरलं. काम आलं जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे यांच्याकडे. लाल नाकामुळे सगळे ज्याला चिडवतात, त्या रुडॉल्फ नावाच्या रेनडिअरची गोष्ट त्यांनी पद्यात लिहिली. लाल नाक म्हणजे दारुड्याची खूण, अशी साहेबांना धास्ती! त्याच उन्हाळ्यात मे यांची पत्नी कर्करोगाने गेली. तरी त्यांनी गोष्ट पुरी केली. त्या नाताळात सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या.

पुस्तकासाठी मूल आईबाबांना दुकानात ओढून आणणार, हा हिशेब सरळ आहे. पण पत्रक रद्दीत जातं, गोष्टीचं पुस्तक मात्र उशाशी राहतं. शिवाय तयारी वर्षाच्या सुरुवातीलाच लागली होती. आपल्याकडे वीस डिसेंबरला बॅनर छापायला टाकतात!

१९४७ साली कंपनीने रुडॉल्फचे हक्क मे यांनाच देऊन टाकले.

एवढं सांगून मी वह्या परत देते. पालकांनीही घरी विचारून बघा: "दुकानातून निघताना तुझ्या हातात काय असलं, तर तू आईला पुन्हा तिथेच नेशील?"