गौरव आणि ओळख : शांतिसेनेच्या विचारातील एक सूत्र

समाज सुरक्षित राहावा म्हणून झटणाऱ्या तरुणांची दखल कशी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता पारितोषिकांचा वाटतो. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या शांतिसेनेच्या विचारात मात्र त्याला निराळे उत्तर सापडते. तेथे भर आहे तो गौरवावर नसून ओळखीवर.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच गाव १९४० पासून सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. १८ जून १९३८ च्या ‘हरिजन’च्या अंकात त्यांनी शांतिदलाच्या सैनिकाचे गुण सांगितले. अहिंसेवरील श्रद्धा, सर्व धर्मांविषयी समान आदर व निष्कलंक चारित्र्य यांचा त्यात समावेश असणे स्वाभाविकच होय. परंतु त्यांखेरीज दोन व्यावहारिक अपेक्षाही त्यांनी नोंदविल्या. सैनिकाने आपल्याच परिसरात सेवेच्या द्वारे लोकांशी आधीपासून संबंध जोडलेला असावा, ही पहिली. आणि तो सहज ओळखू यावा असा विशिष्ट वेष त्याला असावा, ही दुसरी. यामागील कारण उघड आहे. क्षुब्ध जमावापुढे अनोळखी मनुष्य उभा राहिला, तर त्याच्याकडे संशयानेच पाहिले जाते. ज्याने एरवी त्याच वस्तीत रोग्यांची शुश्रूषा केली, त्याचा शब्द ऐकला जाण्याचा संभव अधिक.

पवनारच्या आश्रमातून पुढे देशभर पदयात्रेस निघालेल्या विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेनेची स्थापना केली. पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक, म्हणजे त्या वेळच्या भारतासाठी सुमारे ७० हजार, असा त्यांचा हिशेब होता. याच विचाराला जोडून आलेली ‘सर्वोदयपात्रा’ची योजना विशेष लक्षणीय आहे. घरातील लहान मुलाने रोज मूठभर धान्य या पात्रात टाकावयाचे. त्या धान्याचे मोल अल्प. परंतु ‘या सेवकाला आमची संमती आहे’ असे ते घर त्यातून नित्य सांगत असे. समाजमान्यतेचा याहून साधा आविष्कार क्वचितच आढळेल. एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण शांतिसेनेच्या रूपाने हे कार्य विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचले.

योगायोग असा की, गौरवाच्या दुसऱ्या परंपरेचे मूळही १९५७ मध्येच आहे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मंडपाला आग लागली, तेव्हा हरिश्चंद्र या बालवीराने मंडपाचे कापड चाकूने कापून लोकांना वाट करून दिली. त्यातून भारतीय बालकल्याण परिषदेचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाले. आज केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात शौर्य व समाजसेवा असे वेगवेगळे विभाग आहेत.

या दोन परंपरांतील भेद काळाचा आहे. पुरस्कार कृतीनंतर येतो आणि संकटाच्या एका क्षणाची नोंद करतो. शांतिसेनेला अपेक्षित असलेली मान्यता कृतीपूर्वी मिळवावी लागते. किंबहुना तिच्याविना कृतीच निष्फळ ठरण्याचा धोका असतो. शिवाय जी दंगल पेटलीच नाही, तिच्यासाठी पदक कोणाला द्यावयाचे, या प्रश्नाला पुरस्काराच्या पद्धतीत उत्तर नाही.

तथापि शांतिसेनेच्या मर्यादाही दृष्टीआड करता येत नाहीत. ७० हजारांची संख्या कधीच गाठली गेली नाही. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीनंतर शांतिसैनिकांनी तेथे काही महिने राहून काम केले. पण त्यांतील अनेकांना दुसऱ्या ठिकाणांहून यावे लागले. म्हणजे ज्या पूर्वपरिचयावर सारी कल्पना उभी होती, तोच ऐन वेळी तोकडा पडला. स्थानिक सेवक पुरेसे नसले, की बाहेरच्यांना उशिराच यावे लागते.

यावरून एवढे म्हणता येईल की, पुरस्कार धैर्याची स्मृती जतन करतो, परंतु सुरक्षितता निर्माण होते ती ओळखीतून. ज्या तरुणाला मोहल्ल्यातील दोन्ही बाजू नावाने हाक मारतात, त्याची नोंद कोणत्याही यादीत नसेल. तरीही संकटाच्या वेळी दार उघडले जाते ते त्याच्याच हाकेला.