टिळकांचे फूल आणि टिळकांचे पाखरू

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांना फुलामुलांचे कवी म्हणण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. त्यांची कविता शिकविताना आपण शिक्षक सृष्टिसौंदर्य व अलंकार सांगून थांबतो. १८९५ साली ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या दृष्टीला फुलात काय दिसत असेल, ह्या प्रश्नाकडे वळत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले.

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आम्ही शिकवितो. आमच्या विद्यार्थ्यांची घराणी बहुतेक खानदेशातून कापडधंद्यात पोट भरण्यास आलेली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला व शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पुढे वर्ग भरू लागले तेव्हा फुलांच्या कवितेवर एका मुलाने विचारले, "सर, फूल देवाने केले, तर पूर कोणी केला?" मागून कोणी तरी "धरणवाल्यांनी!" म्हणाले आणि वर्ग हसला. आम्हांस मात्र उत्तर सुचले नाही.

ह्या प्रश्नाच्या निमित्ताने ख्रिस्ती विचार समजून घ्यावा लागला. आम्ही वारकरी घरातले. चराचरात देव भरला आहे, हे आम्हांस बाळपणापासून ठाऊक. ख्रिस्ती मत येथे एक पाऊल अलीकडे थांबते. फूल देव नव्हे, फूल देवाची कृती होय. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, अदृश्य देवाचे सामर्थ्य निर्मिलेल्या वस्तूंवरून कळून येते, असा विचार मांडला आहे. एकोणिसाव्या स्तोत्रातही आकाश देवाचा महिमा गाते. पण अर्ध्यावर स्तोत्रकार आकाश सोडून देवाच्या नियमशास्त्राकडे वळतो. केवळ आकाश त्यास पुरत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे ह्या साक्षीचा कोर्टातला पुरावा झाला. विल्यम पेली ह्या इंग्रज धर्मपंडिताने १८०२ च्या ग्रंथात घड्याळाचा दृष्टान्त दिला: घड्याळ आहे, त्या अर्थी घड्याळजी असलाच पाहिजे. १८५९ मध्ये डार्विनने सजीवांच्या रचनेची उपपत्ती नैसर्गिक निवडीने लावून दाखविली आणि ह्या युक्तिवादाचा पाया खिळखिळा झाला. तथापि टिळकांचे फूल ह्या दाव्यात साक्षीदार नव्हतेच. ते फुलाशी बोलतात, त्याला सखा मानतात. 'वनवासी फूल' हे त्यांचे दीर्घ काव्यच मुळी संवादरूप आहे. ज्याची ओळख आधी झाली आहे, त्याचे हस्ताक्षर कोठेही दिसले तरी ओळखू येते, तसा हा प्रकार आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. निसर्गाच्या पुलावरून असे ते म्हणाले नाहीत.

आमच्या खानदेशातील धरणगावचे बालकवी ठोंबरे काही काळ टिळकांच्या घरी अहमदनगरास राहिले होते. फुलापाखरांचे वेड दोघांनाही होते. पण बालकवींना तेथे आनंद मिळाला, आणि पुढे उदासीही. सृष्टी कोणावर निष्कर्ष लादत नाही, एवढे ह्यावरून निश्चित.

आता त्या मुलाचा प्रश्न. टिळकांनी केवळ फुलेच पाहिली असती तर त्याला उत्तर नव्हते. पण 'केवढे हे क्रौर्य' त्यांचेच. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण पडत-उठत पिलांपाशी पोहोचते आणि प्राण सोडते. ही कविता वाचताना वर्गात कोणी हसत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सहाव्या अध्यायात रानातील भूकमळे दाखवितो आणि दहाव्यात चिमण्या. बाजारात त्या क्षुद्र नाण्याला दोन मिळतात. तरी पित्यावाचून त्यांतील एकही भूमीवर पडत नाही, असे तो सांगतो. चिमणी पडणारच नाही, असे आश्वासन तेथे नाही. ईयोबालाही त्याच्या दुःखाचे कारण कळत नाही. वादळातून देव त्याला तारे, पाऊस, रानगाढव, शहामृग दाखवीत जातो. आणि ख्रिस्ती मनुष्य ज्याला देवाचे रूप मानतो, तो स्वतः क्रुसावर मारला गेला. म्हणून त्याच्या दृष्टीने देवाची खूण फुलाइतकीच पडलेल्या पाखरापाशीही शोधावी लागते. पूर का आला, ह्याचा उलगडा ह्याने होत नाही, हे आम्ही मान्य करतो.

हल्ली आम्ही फुलाची कविता आणि पाखराची कविता लागोपाठच्या तासांना घेतो. खाडीचे पाणी वस्तीत शिरले असेल त्या आठवड्यात पाखराची आधी.