राजकन्येच्या कादंबऱ्या आणि आपल्या लेकी

"पोरगी सारखी मोबाइलमध्ये डोके खुपसून बसते," ही तक्रार फणसवाडीच्या चाळींतून आम्ही नेहमी ऐकतो. वाचते काय? तर जादूच्या राज्यातली प्रेमकथा. अशा पुस्तकांची गंमत अशी की प्रत्येक कादंबरी आपल्या जागी पुरी असते. एक जोडी, एक संकट, एक मीलन. राज्य मात्र तेच, अरण्य तेच, शापही ओळखीचा. मागच्या पुस्तकातली राणी या पुस्तकात दोन पानांपुरती येऊन जाते आणि वाचणारीला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. ड्युटीवरून येऊन, भाकरी थापून मग वाचायला बसणाऱ्या बाईला हे सोयीचे आहे. मधलेच पुस्तक हाती लागले तरी काही अडत नाही.

हे वेड आजचे नव्हे. मराठी कादंबरी चालायला शिकली तीच या वाटेने. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. पुस्तके वेगळी, लेखक वेगळे, पण राजे, प्रधान, अरण्ये आणि ताटातूट झालेले प्रेमी यांचे जग जवळजवळ एकच. आणि रिसबुडांनी प्रस्तावनेत कारणही सांगून टाकले आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीती अशा, की खऱ्या आयुष्यात रंजक असे लिहायला काही उरतच नाही. म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच उरकत. संमतीवयाची कायद्यातली मर्यादा दहा वर्षांची होती, ती बारा व्हायला १८९१ साल उजाडले. जिला विचारायचेच नाही, तिची प्रेमकथा घरात कशी घडणार? ती अरण्यातच घडवावी लागली.

म्हणून 'फालतू वाचन' हा शब्द आम्हांला पटत नाही. मुलगी स्वतः निवड करते, ही गोष्ट त्या पुस्तकांत असते.

पण एक खोट आम्हांला नेहमी खटकते. अशा कितीतरी कथांत गरीब, अनाथ नायक शेवटी हरवलेला राजपुत्र निघतो! म्हणजे प्रेम झाले, पण कुळ बाटले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या पुस्तकात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला. त्या विवाहात नवरा मुलगा राजपुत्र निघत नाही, आहे तोच राहतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात आणि घरच्यांना कळायला तेवढे पुरते. जादूच्या राज्यात असली नोटीस नसते. ओढ वाटते ती त्याचीही.

तेव्हा आयांनो, पुस्तक हिसकावू नका. नायक शेवटी कोण निघाला, एवढे तिला विचारा, आणि तो साधा गिरणी कामगाराचा पोरगाच राहिला असता तर राजकन्येने काय केले असते, तेही.