फॉरमॅट मारायच्या आधी बायोस गाठा!

उद्या प्रोजेक्टचं सबमिशन आणि आज लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, 'नो बूटेबल डिव्हाइस'. अशा वेळी हॉस्टेलमधले निम्मे जण एकच सल्ला देतात, 'फॉरमॅट मार!' थांबा. फॉरमॅटने विंडोज परत येईलही, पण फायली जातील. आणि बिघाड कदाचित तिथे नसेलच. आधी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढून बघा, कधीकधी एवढंच असतं!

तेवढ्याने भागलं नाही तर बायोस गाठायचं. विंडोजच्या आधी लॅपटॉपला जागं करणारं हे छोटं सॉफ्टवेअर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतं. नव्या मशीनमध्ये त्याचं नाव यूईएफआय, दुकानात मात्र अजून बायोसच. तिथे एकच गोष्ट बघायची: एसएसडीचं नाव यादीत दिसतंय का? दिसत असेल तर बहुधा विंडोज किंवा बूटचा क्रम बिघडलाय आणि डेटा सहसा शाबूत असतो. नाव दिसतच नसेल तर एसएसडी सैल झाली असेल किंवा गेली असेल. मग फॉरमॅट मारणार तरी कशाला?

आत शिरायचं तर पॉवर दाबल्या दाबल्या ठरलेली की टपटप दाबत राहायची. डेल, एसर, असुसला साधारण एफ-२, एचपीला एफ-१०, थिंकपॅडला एफ-१. लेनोवोच्या काही मॉडेलना कडेला बारीक भोक असतं, त्यात नोवो बटण. सिमची पिन चालते. पण फास्ट बूट चालू असेल तर लोगो आला न आला तोच वेळ निघून जाते आणि आपण की बडवत बसतो. विंडोज जेमतेम उघडत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. लोगोपाशीच अडकत असेल तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा झालं की बहुतेक वेळा विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं, तिथेही हाच मेन्यू असतो. स्क्रीनच येत नसेल तर चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आत गेल्यावर मात्र हात आवरा. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. 'लोड डिफॉल्ट्स'ने स्टोरेजचा मोड बदलला तर धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवतं. शिवाय इथे काही बदललं की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. पण लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर सेटअप उरकला असेल, तर की त्याच्याकडे! आजच तपासा.

बायोसलाच पासवर्ड असेल तर मामला वेगळा. आतला नाण्याएवढा सेल काढला की पासवर्ड जातो, हे जुन्या मशीनचं ज्ञान. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो जात नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं आणि तिथे खरेदीचं बिल मागतात. सेकंडहँड घेणाऱ्यांकडे बिल कुठलं असणार? म्हणून ऑफिसमधून निघालेला लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी दुकानदारासमोरच बायोस उघडा. पासवर्ड विचारला तर तो तिथल्या तिथे काढून मागा.